कनिष्ठाचं मत आधी

"मला झोप लागली होती."

पेटी एवढंच बोलली. इक्बालभाईंच्या हातातली खारी चहात बुडाली ती बुडालीच. जुईने फासा मुठीत आवळला. सुभेदार थिट्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना काही पटलं नाही की ते असं करत.

केतकीने मात्र पेटी स्वतःकडे ओढली. हे वाक्य तिने लिहिलेलं नव्हतं. या खेळाची सूत्रधार ती. आरोपी काय बोलणार हे तिलाही ठाऊक नसावं म्हणून तर तिने पेटी आणली होती. पण पेटीने हे असं, याच आवाजात, याच शब्दांत बोलावं?

आवाज तिच्या भावाचा होता.

नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात इक्बालभाईंची बेकरी आहे. सोमवारी भट्टी बंद असते आणि पाव गार करायचं लांबलचक लाकडी टेबल रिकामं असतं. चार वर्षं झाली, दर सोमवारी दुपारी तिथे चार माणसं जमून गोष्ट खेळतात. खेळतात म्हणजे काय, तर प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडाने बोलायचं. सूत्रधाराने जग उभं करायचं. अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशाने जे सांगितलं ते घडलं, मग सूत्रधार रडो की पडो. गावात याला 'मोठ्या माणसांची भातुकली' म्हणतात. म्हणोत. त्याच गावात माणसं दिवसभर टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांची भांडणं बघतात, त्याला मात्र कोणी नाव ठेवत नाही.

या पावसाळ्यात केतकीने नवी गोष्ट काढली होती. गुरूच्या एका चंद्रावर बर्फात गाडलेली चौकी. तिथे एक पहारातोफ. तोफ स्वतःच बघते, स्वतःच शत्रू ओळखते, पण गोळी झाडायला माणसाचा होकार मागते. एके दुपारी बर्फाच्या धुरळ्यात तिने तीन आकृत्या टिपल्या, 'शत्रू' म्हणून शिक्का मारला आणि होकार मागितला. पहाऱ्यावर होता लेफ्टनंट ध्रुव. त्याने होकार दिला नाही. चौकीवर हल्ला झाला, एक हवालदार मेला. आता ध्रुवचं कोर्ट मार्शल. सुभेदार, इक्बालभाई आणि जुई हे तिघं न्यायासनावर. ध्रुवच्या जागी पेटी. बाकी साक्षीदार, वकील, तोफ, बर्फ, सगळं केतकी.

"ताई, हे तुम्ही आधी ठरवलेलं होतं?" जुईने विचारलं. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि टेबलावर वयाने सगळ्यांत लहान.

"नाही."

"मग खेळच संपला की," इक्बालभाई बोटांनी खारी शोधत म्हणाले. "कबूल केलं बिचाऱ्यानं. सुभेदारसाहेब, ठोका निकाल. मला चारला मैदा उतरवून घ्यायचाय."

"निकाल पुढच्या सोमवारी," सुभेदार म्हणाले. "कबुली आली म्हणून कोर्ट उठत नाही. कबुली आली की खरं तर कोर्ट बसतं."

थिटे सुभेदार लढाईतले नव्हेत. बावीस वर्षं त्यांनी सैन्याच्या कायदा शाखेत क्लार्क म्हणून काढली होती. खऱ्या कोर्ट मार्शलचे कागद त्यांनी इतके टाईप केले होते, की त्यांच्या बोलण्यातही समास सुटलेला असे.

केतकीने पेटी पिशवीत टाकली. हातांना मैदा लागला होता. तो तिने सलवारीला पुसला आणि कोणाकडे न बघता निघाली.

*

पेटी म्हणजे काय हे एकदा सांगून टाकतो, कारण पेट्या विकणाऱ्यांनी ते कधी धड सांगितलं नाही.

जेवणाच्या डब्याएवढी ती वस्तू. तिला एखाद्या माणसाचे आवाजी निरोप ऐकवायचे, पत्रं वाचायला द्यायची, त्याच्याबद्दलचे कागद द्यायचे. माणूस कुठे अडखळतो, कोणता शब्द गिळतो, रागावला की लांबलचक बोलतो की तुटक, हे ती शिकते. मग तिला एखाद्या प्रसंगात उभं करायचं आणि विचारायचं, बोल. समोर जे काही मांडलं असेल त्याला सगळ्यांत शोभेल असं पुढचं वाक्य ती त्या माणसाच्या ढंगात काढून देते. इतकंच. तिला माणसाचं वळण कळतं. त्याच्या आयुष्यात काय घडलं ते तिला कळत नाही. जिथे माहिती नसेल तिथे ती वळणाने भरून काढते. आणि ते इतकं बेमालूम, की भरलेलं कुठलं आणि खरं कुठलं हे सख्ख्या आईलाही सांगता येऊ नये.

या पेट्या खेळासाठी निघाल्या होत्या. पण माणूस हातात आलेल्या वस्तूचं काय करील याचा नेम नाही. नगरमध्येच तीन भावांनी मेलेल्या बापाची पेटी केली आणि तिला विचारलं, विहिरीकडचं रान कोणाचं? पेटीने थोरल्याचं नाव घेतलं, धाकट्याने थोरल्याचं डोकं फोडलं. मुली दाखवायला जाताना लोक नवऱ्या मुलाची पेटी मागू लागले. कोर्टाने बजावून सांगितलं, पेटीचं बोलणं पुरावा म्हणून चालणार नाही. कोर्टात चालत नाही, बरोबर. घरात चालतं. आणि माणसाचा निकाल बहुतेक वेळा घरातच लागतो.

केतकीचा भाऊ नवनाथ. घरात नाथा. तीन वर्षांपूर्वी तो उत्तरेकडच्या एका चौकीवर नाईक होता आणि त्याच्याकडे अशीच पहारातोफ होती. पुढचं वेगळं सांगायला नको. आपल्या गोष्टीत केतकीने फक्त चंद्र बदलला होता. मेलेल्या हवालदाराचं नाव साळुंके. कोर्ट मार्शलमध्ये नाथा अक्षर बोलला नाही. सहा महिने कैद, बडतर्फी. परत आला तो गोठ्यातल्या पडवीत विजेच्या मोटारी बांधायला बसला. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. जेवायला हाक मारली की 'हां'. बाकी काही नाही.

आता त्याच्या खटल्याचा फेरविचार होऊ शकत होता. अर्जाची शेवटची मुदत वीस तारीख. अर्जासोबत अर्जदाराचं स्वतःचं निवेदन हवं: त्या दुपारी काय झालं. निवेदन नसेल तर अर्ज उघडलाही जाणार नाही, आणि 'बडतर्फ' हा शिक्का त्याच्या नावाला जन्मभराचा. केतकीचं लष्करी कॅम्पाच्या फाटकाबाहेर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. अख्ख्या तालुक्याचे अर्ज ती भरून देई. सख्ख्या भावाचा अर्ज तिच्या पडद्यावर दोन महिने उघडा पडला होता, आणि एक रकाना भरत नव्हता.

म्हणून तिने तो खेळ मांडला. चौकीवरून आलेले नाथाचे दीडशे आवाजी निरोप पेटीत घातले. खटल्याचे कागद घातले. आणि खेळाची स्वतःची वहीही घातली. वाटलं होतं, त्याच्या तोंडून नाही तर निदान त्याच्या ढंगातून काहीतरी निघेल.

निघालं. 'मला झोप लागली होती.'

आणि खरं सांगायचं तर केतकीला धक्का बसला तो नवलाचा नव्हता. तिला ते आधीच वाटत होतं. तिचे वडील, आबा, तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते. नाथा बारा वर्षांचा असताना कांद्याला पाणी द्यायला बसवलं, तो बांधावर झोपला, पाटाचं दारं फुटलं आणि अर्धा वाफा वाहून गेला. ती गोष्ट या घरात दर दिवाळीला सांगतात. सगळे हसतात. नाथाही हसायचा.

*

ती घरी पोचली तेव्हा नाथा तार गुंडाळत होता. तिची सावली पडली तरी त्याने मान वर केली नाही. ओठ हलत होते.

"नाथा..."

"थांब." बोटं चालूच. "सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस." तार चिमट्यात धरून त्याने वर पाहिलं. "बोल."

केतकी पोत्यावर बसली. काय बोलायचं ते तिने चार किलोमीटर घोकलं होतं, आणि आता सगळं भलतंच बाहेर पडलं. "झोप लागली असेल तर लागली. माणसाला लागते. कोणी तुला खाणार नाही. तेवढं लिहून दे, म्हणजे अर्ज तरी जाईल."

नाथाने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेला माणूस फाट्यावर उभा राहून बघतो, तसं काहीतरी.

"कोण म्हणालं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तिने पेटी काढली.

नाथाने ते ऐकलं. एकदा ऐकून परत लावायला सांगितलं. आपलाच आवाज, 'लागली'मधला 'ला' ओढायची आपलीच खोड. तिसऱ्यांदा ऐकताना त्याने ओठ हलवले. पेटीसोबत. हळूच. दुकानात सदरा अंगाला लावून बघतात तसं ते वाक्य त्याने स्वतःला लावून बघितलं.

"मला झोप लागली होती," तो म्हणाला. मग हसला, पण ते हसू केतकीला आवडलं नाही. "चांगला बोलतो की हा. माझ्यापेक्षा नीट बोलतो."

"म्हणजे... खरं आहे?"

"लागली असेल."

"असेल म्हणजे काय रे? लागली होती का नाही?"

"आबा म्हणतात लागली. गाव म्हणतं लागली. आता मीच म्हणतोय." त्याने पेटीकडे बोट केलं. "तीन वर्षं झाली, ताई. मला त्या दुपारचं आठवायला गेलं की आता बर्फ नाही दिसत. कांद्याचा वाफा दिसतो. लिही तू. मी सही करतो."

आबा ओसरीवरून म्हणाले, "मी काय सांगत होतो! आधीच कबूल केलं असतं तर..."

केतकीने फॉर्म भरायला घ्यायला हवा होता. दोन महिने ती याच वाक्याची वाट बघत होती. पण तिच्या हाताला पेन लागेना. दोन महिन्यांपूर्वी तिला भावाला काय झालं ते माहीत नव्हतं. आता भावालाही माहीत नव्हतं. हे तिने केलं होतं का? आणि जर त्याला खरंच झोप लागली असेल, तर मग ते एक वाक्य लिहायला इतकं जड का जातंय?

नाथा परत मोटारीकडे वळला. चिमटा सोडला आणि थबकला.

"किती झाले होते गं?"

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, पण खात्री नव्हती. सगळी तार उलगडून त्याने एकपासून सुरुवात केली.

*

पुढचा सोमवार अठरा तारखेला आला. सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खेळातलं कोर्ट असलं तरी निकाल म्हणजे निकाल.

"पद्धत सांगतो," ते म्हणाले. "निकालाच्या वेळी सगळ्यांत कनिष्ठ अधिकाऱ्याने आधी मत द्यायचं. मग त्याच्या वरचा. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी. खऱ्या कोर्टात असंच असतं."

"का पण?" इक्बालभाईंनी विचारलं. "घरात तर उलटं. आधी थोरले बोलतात, मग बाकीचे मान डोलावतात."

"म्हणूनच. कर्नल आधी बोलला तर कॅप्टनची काय टाप आहे वेगळं बोलायची? तो खोटं बोलेल असं नाही. त्याला खरंच तसं वाटायला लागेल. ते जास्त वाईट. हं, लेफ्टनंट जुई. दोषी की निर्दोष?"

जुईने फासा टेबलावर फिरवत ठेवला. "मला माहीत नाही."

"आयला," इक्बालभाई म्हणाले, "कोर्ट आहे का तोंडी परीक्षा?"

"खरंच माहीत नाही. तो झोपलो म्हणाला. पण त्याच्या आधीच्या सोमवारी त्यानेच सांगितलं ना, धुरळा उजवीकडून येत होता आणि हातमोज्यात बोटं बधिर झाली होती? झोपलेल्याला धुरळा कुठून येतो ते कसं कळेल?"

केतकीने जुईकडे पाहिलं. तो धुरळा खेळातला नव्हता. नाथाच्या खऱ्या निरोपांतून आला होता. की नव्हता? वहीत तिने धुरळा लिहिला होता का? आठवेना.

"चांगला मुद्दा," सुभेदार म्हणाले. "केतकी, मला कागद दाखव. आरोपीला बोलायला उभं करण्याआधी त्याच्यापुढे काय काय मांडलं होतंस ते. पहिल्या ओळीपासून."

"ती माझी वही आहे, सुभेदारसाहेब. सूत्रधाराची वही खेळाडूंनी बघायची नसते."

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा आवाज मी पहिल्याच सोमवारी ओळखला. माझ्या बोअरची मोटार तुझ्या भावानेच बांधली. वही दे."

केतकीने वही सरकवली.

सुभेदार टाईप केलेला मजकूर तपासावा तसे ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. तिथे लेफ्टनंट ध्रुवचं पात्रपत्रक होतं. प्रत्येक पात्राचं असतं: नाव, हुद्दा, बळ, चपळाई. आणि खाली एक रकाना: दोष. पात्राला एक तरी दोष असलाच पाहिजे, नाहीतर गोष्टीला रंग चढत नाही, असा खेळाचा नियम.

दोष या रकान्यात केतकीच्या अक्षरात लिहिलं होतं: जागरण सोसत नाही. पहाऱ्यावर डुलकी लागते.

"हे कोणत्या साक्षीत आलं?"

"कुठल्याच नाही," केतकी म्हणाली. "तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी... दिवसभर तेच काम करते हो. रकाना रिकामा राहिला की फॉर्म पुढे जात नाही. मी भरून टाकला."

"म्हणजे अध्यक्षांनी आधी मत दिलं," सुभेदार म्हणाले, "आणि मग कनिष्ठाला विचारलं."

ते वाक्य तिला झोंबलं. "पण ते खरंही असू शकतं ना! मी लिहिलं म्हणून खोटंच ठरतं का?"

"नाही ठरत. करून बघू या. तो कागद काढ पेटीतून."

केतकीने वही पेटीतून पुसली. फक्त निरोप आणि खटल्याचे कागद ठेवले. इक्बालभाई पुढे वाकले. "बेटा, भ्यालास ना रे तू? मीही भ्यालो असतो."

पेटी नाथाच्या आवाजात म्हणाली, "भ्यालो होतो. हात उचलेना. कोणाला सांगू नका."

इक्बालभाईंनी हात मागे घेतला, भट्टीला लागल्यासारखा.

पेटी परत कोरी केली. जुईने विचारलं, "तुम्हाला त्यांची दया आली होती का?"

"आली. ती पण कोणाची तरी पोरंच ना. मारवेना मला."

पुन्हा कोरी. सुभेदारांनी घसा खाकरला. त्यांचा आवाज एकदम परका, सरकारी झाला. "हवालदाराशी तुझं आदल्या दिवशी भांडण झालं होतं. तो मरावा असं तुला वाटलं."

पेटी जराशी थांबली. नाथा थांबतो तशीच. मग म्हणाली, "वाटलं मला. एक क्षण वाटलं. तेवढाच क्षण होता तो."

"बंद करा!" केतकी ओरडली. तिने पेटी उलटी पाडली. टेबलावरचा मैदा उडाला. चार कबुल्या झाल्या. चारही वेळा आवाज तोच आणि 'ला' तसाच ओढलेला. चारही ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चारही वेळा तिला पटलं होतं. हे सगळ्यांत भयंकर होतं. शेवटचंही तिला क्षणभर पटलं होतं.

"मग खरं कोणतं?" तिने विचारलं. कोणाला विचारतेय हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"ते पेटीत नाही, बाई," सुभेदार म्हणाले. "आणि एक ध्यानात घे. पहाऱ्यावर झोपणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि मोठा. होकार न देणं ही चूक ठरू शकते, त्यावर वाद घालता येतो. झोपलो असं सहीनिशी लिहून दिलंस, तर तू भावाला खड्ड्यातून काढत नाहीयेस. खाली दुसरा खणतेयस."

जुई पेटीकडे बघत होती. "ताई, एक लक्षात आलं का? तिला काहीही विचारा, तिच्याकडे उत्तर आहे. एकदाही ती म्हणाली नाही, मला माहीत नाही."

तोफही म्हणाली नव्हती, हे केतकीच्या डोक्यात आलं. चंद्रावरची नाही आणि ती दुसरीही नाही. बर्फाच्या धुरळ्यात तीन ठिपके बघून ती म्हणाली, शत्रू. तिच्यात 'माहीत नाही'चा रकानाच ठेवलेला नव्हता.

"निकालाचं काय?" इक्बालभाईंनी हळूच विचारलं.

"कनिष्ठाने दिलाय," सुभेदार म्हणाले. "माहीत नाही. कायद्याच्या भाषेत: दोष सिद्ध झालेला नाही. माझंही तेच. तुमचं?"

"मी पावाचा माणूस," इक्बालभाई म्हणाले. "पण हो. तेच."

*

एकोणिसला सकाळी केतकीने दुकान उघडलं नाही. पडवीत मोटारींच्या मध्ये पाट टाकला, त्यावर कोरा कागद ठेवला. ओसरीवरून आबांना बोलावून घेतलं. ते काठी टेकत आले आणि बसायच्या आत सुरू झाले.

"लिहून टाक रे बाबा एकदाचं. झोप काय, कोणालाबी..."

"आबा." केतकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही या घरात सगळ्यांत थोरले. म्हणून तुम्ही सगळ्यांत शेवटी बोलायचं. मी तुमच्या आधी. पहिलं कोण, तर हा."

"ही कुठली रीत?"

"कोर्टाची."

आबांना रीत पटली नसावी, पण कोर्ट हा शब्द ते मानत. गप्प बसले.

"पेटीचं काय?" नाथाने विचारलं.

"पेटी खोटं बोलली. म्हणजे खोटं नाही... मी सांगितलं ते बोलली. झोपेचं मी तिला सांगितलं होतं. भीतीचं इक्बालभाईंनी, दयेचं जुईने. प्रत्येकाला त्याचं त्याचं दिलं तिने." तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. त्याला काय वाटलं असेल याचे चार अंदाज तिच्या जिभेवर तयार होते. ते तिने गिळले. "मी आता बोलणार नाही. तू बोल. नको वाटलं तर नको बोलूस. उद्या मुदत संपेल, संपू दे."

आणि ती गप्प बसली.

सूत्रधाराला गप्प बसणं किती अवघड जातं हे ज्याने खेळ चालवलाय त्यालाच कळेल. टेबलावर शांतता पडली की सूत्रधाराने काहीतरी आणायचं असतं, दार वाजवायचं, वारा सोडायचा. केतकीने काही आणलं नाही. गोठ्यात गाय रवंथ करत होती. आबांनी दोनदा घसा साफ केला, दोनदा केतकीने त्यांच्याकडे बघितलं. नाथाने तार उचलली. वेढे घालायला लागला. तीस झाले. चाळीस झाले. केतकी मोजत होती. साठ. ती मनात म्हणाली, नाही बोलणार हा. तिला वाटलं आपण पुन्हा चुकलो. याला तेवढं एक वाक्य सापडलं होतं, तेही आपण काढून घेतलं.

बासष्टाव्या वेढ्याला त्याची बोटं थांबली.

"नऊ सेकंद असतात," नाथा म्हणाला.

केतकीने पेन उचललं.

"यंत्र होकार मागतं तेव्हा. नऊ सेकंद. पडद्यावर आकडे उलटे येतात. ते म्हणत होतं तीन माणसं. मला दोन दिसत होती. तिसरं कधी दिसायचं, कधी नाही. उजवीकडून धुरळा होता. त्यातलं एक वाकलं. वाकून काहीतरी उचललं त्यानं. लाकूड असंल. बंदूक असंल." तार त्याच्या बोटांत वळत होती. "मी बघत होतो, ताई. इतकं मी आयुष्यात कधी काही बघितलं नाही. मला वाटलं अजून एक सेकंद बघितलं की कळेल. आणि आकडा शून्यावर आला."

त्याने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"कोर्टात विचारलं, होकार का दिला नाही? वकील म्हणाले, नकार दिला असं म्हण. मी नकार दिला नाही. होकारबी नाही. मला कळलं नाही. हे कोणाला सांगायचं? साळुंके साहेबांच्या बायकोला सांगू, मला कळलं नाही म्हणून? ते मेले आणि मला कळलं नाही?" आवाज फाटला. "ती माणसं कोण होती, हल्ला त्यांनीच केला का दुसऱ्यांनी, तेबी आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. मला आजबी माहीत नाही."

केतकी लिहीत होती. तिला अक्षर दिसत नव्हतं पण ती लिहीत होती. त्याने म्हटलं तसंच, 'असंल' तर 'असंल'. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. वाचताना एका जागी ती अडखळली, तिच्या हाताने सवयीने 'सहा सेकंद' लिहिलं होतं. पहारातोफेचं ते खेळातलं माप.

"नऊ," नाथा लगेच म्हणाला.

हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने खोडून नऊ केलं.

"तुझं काय मत?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," केतकी म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती भावाशी खरं बोलली.

मग दोघांनी आबांकडे पाहिलं. आता त्यांची पाळी होती. म्हातारा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला होता. तीन वर्षं जे मत त्याने दारावर आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं, ते आता ऐकवायची त्याला पूर्ण मुभा होती. त्याने हनुवटी उचलली.

"डोळे उघडे व्हते ना, नाथा?"

"व्हते, आबा."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

आबांनी मान हलवली. "मग सही कर," ते म्हणाले. गाईला पाणी दाखवायचं राहिलं होतं, ते उठून तिकडे गेले.

नाथाने सही केली. केतकीने अर्ज उघडला, निवेदन जोडलं, आणि पाठवण्याआधी सवयीप्रमाणे रकाने तपासले. एका ठिकाणी विचारलं होतं: घटनेचे कारण, थोडक्यात. तिने तो रिकामा सोडला. लाल अक्षरात सूचना आली की हा रकाना भरणे आवश्यक आहे.

तिने लिहिलं, 'माहीत नाही', आणि अर्ज पुढे गेला.